नोंदवहीत न लिहिलेली गळती

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या शहरातल्या रस्त्यांना कान नव्हते, पण आमचे थोरले काका होते. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षं एकच काम केलं, रस्त्याखालची गळती ऐकण्याचं. कामावर सगळे त्यांना ‘कानसाहेब’ म्हणायचे. साहेब ते कधीच नव्हते.

त्यांचं हत्यार म्हणजे एक काठी. छातीइतक्या उंचीची पोलादी कांब, खालचं टोक निमुळतं, वरच्या टोकाला लाकडी वाटी. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, टोक खालच्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि ऐकायचं. धड पाइप गप्प असतो. बारीक गळती शिट्टी मारते, मोठी गळती घोगरी वाजते. आणि गळतीने माती वाहून जाऊन खाली पोकळी झाली असेल तर आवाज घुमतो. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा. हे सगळं काकांनीच मला सांगितलेलं. मी त्यांची पुतणी, शेजारच्या गल्लीत राहणारी, आणि त्यांच्या घरात जवळजवळ त्यांच्याच मुलीसारखी वाढलेली.

काका दुपारच्या पाळीला होते. दोन ते चार. त्या वेळात नळ बंद असतात, पाइप भरलेले असतात, माणसं आडवी झालेली असतात. गल्ल्या इतक्या सामसूम की स्वतःच्या चपलेचा आवाजही परका वाटतो. एवढ्या वर्षांत काकांना त्या सामसुमीची कधी भीती वाटली नाही. घरी मात्र त्यांच्या कानाचा आम्हाला त्रास. पलीकडच्या खोलीत दूध वर यायला लागलं की हे आधी सांगणार. काकू म्हणायच्या, “या घरात चोरून बिस्किट खायची सोय नाही.”

लग्नानंतर तेरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. ताई सतत गुणगुणायची, आणि तेही एकच गाणं. रविवारच्या उपासनेत शेवटी म्हणायचं एक जुनं गीत होतं, त्याची चाल. तिसरी ओळ फार उंच चढते, तिथे तिचा गळा पोचायचा नाही. मग ती थांबायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून. भांडी घासताना, वेणी घालताना, जिना चढताना. शब्द नाहीत, नुसतं ‘हं हं’.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका मंगळवारी तिला ताप भरला. डोकं फुटेल इतकं दुखतंय म्हणाली. शनिवारी ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

घरी चर्चचे पाळक आले. वयस्कर माणूस. पाळक होण्याआधी बारा वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, डाव्या कानाने कमी ऐकणारा. ते काकांच्या समोर बसले, बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “देवाची इच्छा.” काका भांडले नाहीत. उठले, आपली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि आत गेले. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. काकू एकट्या जात. जेवायला बसल्यावर काकू डोळे मिटून प्रार्थना करत, काका हातातला चमचा खाली ठेवून त्यांचं संपायची वाट बघत आणि मग खात. ताईच्या खोलीला बाहेरून कडी लागली. सात महिने असेच गेले.

त्या उन्हाळ्यात काकांकडे उताराची गल्ली आली. एका बाजूला बंद पडलेल्या साबण कारखान्याची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला दुमजली घरं, आणि उतार संपतो तिथे बालवाडी. पोरं एकला घरी जात, त्यामुळे दोन वाजता गल्लीत चिटपाखरू नसायचं. काकांनी कारखान्याच्या दाराजवळचं झाकण उचललं. आतून गार हवा आली. त्यांनी काठी टेकवली, वाटीला कान लावला.

खाली कोणीतरी गुणगुणत होतं.

पहिली ओळ, मग दुसरी. तिसरीच्या तोंडाशी आवाज थांबला आणि पुन्हा पहिली ओळ सुरू झाली.

काकांनी काठी उचलली. आजूबाजूच्या खिडक्या बघितल्या, सगळ्या बंद. कुठल्या घरात रेडिओ लागला असेल म्हणून त्यांनी उघड्या कानाने ऐकलं. काही नाही. पुन्हा काठी टेकवली. ‘हं हं’ चालूच होतं, लांबून, खालून, घुमत. चार वाजेपर्यंत ते तिथे उकिडवे बसून राहिले. संध्याकाळी कार्यालयात नोंदवही भरायची असते. कुठली गल्ली, कसला आवाज, काय करायचं. उताराच्या गल्लीपुढे त्यांनी लिहिलं, ‘काही नाही.’

सत्तावीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत लिहिलेलं हे पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. त्यांच्या यादीत बाकीच्या गल्ल्या होत्या, त्या ते भराभर उरकत आणि अडीचच्या आत उतारावर पोचत. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी झाकण उघडायच्या लोखंडी चावीने व्हॉल्व्हवर दोनदा टकटक केलं. गुणगुणणं थांबलं. काका सांगायचे, “इतकं शांत झालं की माझ्याच कानातलं रक्त वाजायला लागलं.” मग खालून उत्तर आलं. दोन टकटका.

त्यानंतर ते रोज टकटक करत आणि रोज उत्तर येई. पुढे पुढे टकटक आधी खालूनच यायला लागली. काका झाकणाशी वाकायच्या आत, काठी टेकवायच्या आत, त्यांचं पाऊल ओळखल्यासारखी. आणि आवाजाची जागा बदलत होती. पहिल्या दिवशी तो कारखान्याच्या दाराशी होता. दोन आठवड्यांनी चार घरं खाली, महिन्याने आणखी खाली. काकांना वाटलं, पोर चालतेय. दर दिवशी थोडी थोडी, उताराने. कुठे चाललीय ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. नोंदवहीत मात्र रोज तेच, ‘काही नाही’.

घरात आम्हाला वाटलं, काका सावरले. चेहरा जरा निवळला होता, घाईघाईने जेवून कामावर पळत होते. काकूंना पहिली शंका आली ती कानामुळे. काकांच्या उजव्या कानाभोवती वाटीचा गोल वळ उठायचा, तो नेहमी संध्याकाळपर्यंत जायचा. आता तो जात नव्हता. सकाळी उठल्यावरही कानाभोवती लालभडक कडं, जणू डाग दिलेला.

मग एक रविवार आला. काकू उपासनेहून परतल्या, मी त्यांच्याबरोबर होते. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, डोळे उघडे, आणि गुणगुणत होते. तीच चाल. मला बरं वाटलं, मी काकूंकडे बघून हसले. काकू हसल्या नाहीत. त्या दारातच थांबून ऐकत होत्या. चाल तिसऱ्या ओळीपर्यंत गेली, मागे फिरली, पुन्हा गेली, पुन्हा फिरली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकांची छाती हलत नाहीये. त्यांचे ओठ जांभळे पडत होते आणि आवाज चालूच होता.

काकूंनी पर्स टाकली, त्यांचे खांदे धरले आणि गदागदा हलवलं. “श्वास घ्या. अहो, श्वास घ्या आधी.” काकांनी मोठा आवंढा गिळल्यासारखी हवा ओढली आणि खोकत खोकत भानावर आले. आपण गुणगुणत होतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

काकूंनी मला पाणी आणायला पिटाळलं. मी परत आले तेव्हा काका सगळं सांगत होते. खाली मान घालून, शाळेतल्या मुलासारखं. काकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या मला घेऊन चला.”

“तुला वेड्यासारखं वाटत असेल.”

“मला तिचा आवाज ऐकायचाय,” काकू म्हणाल्या. “तुम्ही सात आठवडे एकट्याने ऐकलात.”

सोमवारी दुपारी दोघं उताराच्या गल्लीत गेली. आवाज आता पार खाली, बालवाडीच्या अलीकडच्या झाकणापाशी होता. काकांनी झाकण उचललं, काठी टेकवून दिली. काकूंनी पदर खोचला, गुडघ्यावर बसल्या आणि वाटीला कान लावला. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे. आधी काकूंचे डोळे भरून आले. मग त्या स्तब्ध झाल्या, आणि हळूहळू चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग कान काढला आणि काठी दोन्ही हातांनी स्वतःपासून दूर धरली.

“ऐकू आलं ना?” काकांनी विचारलं.

“आलं.”

“मग?”

“ही ती नाही.”

काकांनी काठीसाठी हात पुढे केला.

“आपल्या पोरीला जन्मभर सर्दी,” काकू म्हणाल्या. “दर ओळीच्या आधी नाकाने श्वास ओढायची. एकोणीस वर्षं ऐकलाय मी तो सूं सूं आवाज, झोपेतसुद्धा ओळखेन. हे जे खाली आहे ना, ते श्वास घेत नाही. एकदाही घेतला नाही.”

त्याच क्षणी खालून दोन टकटका आल्या. या वेळी काठी लागली नाही, नुसत्या कानाने ऐकू आल्या. काकांचा हात सवयीने चावीकडे गेला. काकूंनी तो मनगटाशी धरला. “उत्तर द्यायचं नाही,” त्या म्हणाल्या, आणि पायाने झाकण ढकलून लावलं.

तिथून काकू घरी नेतील असं काकांना वाटलं होतं. काकूंनी नेलं ते थेट पाळकांच्या घरी. काका पायरीवरच अडले. काकू म्हणाल्या, “मलाही त्यांचा राग आला होता त्या दिवशी. पण आता हे आपल्या दोघांच्याने निभायचं नाही.”

पाळक बागेतल्या पाण्याच्या पाटाला मातीचा बांध घालत होते. त्यांनी हात पुसले, दोघांना बसवलं, आणि काकांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलले. “त्या दिवशी मी जे म्हणालो ते म्हणायला नको होतं. मला काही सुचत नव्हतं. गप्प बसायची लाज वाटली म्हणून तोंडाला आलं ते बोललो. त्यानंतर रोज तुमच्या दाराशी यावं म्हणायचो आणि फिरायचो मागे. माफ करा.”

काका नंतर मला म्हणाले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी बोललं असं वाटलं. त्यांनी पाळकांना सगळं सांगितलं. पाळकांनी ना हसण्यावारी नेलं, ना छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाले, “ते काय आहे मला ठाऊक नाही. चला, बघून येऊ.”

साडेतीनच्या सुमारास तिघं पुन्हा त्या झाकणाशी होती. ऊन डोक्यावरून जरा कललेलं, कारखान्याच्या भिंतीची सावली अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेली. पाळक कण्हत कण्हत गुडघ्यावर बसले आणि चांगला कान वाटीला लावला.

“मला माझंच पोट गुरगुरलेलं ऐकू येतंय,” ते म्हणाले. मग थोडा वेळ गेला. “नाही. आहे काहीतरी. घुमतंय.” त्यांनी मान वर केली. “मला यातलं कळत नाही. तुम्ही सांगा. हाच आवाज दुसऱ्या एखाद्या गल्लीत ऐकला असतात, मुलीची आठवण न येता, तर त्या नोंदवहीत काय लिहिलं असतंत?”

काकांनी काठी घेतली आणि कान लावला. या वेळी त्यांनी गाणं ऐकलं नाही, गाण्याच्या मागचं ऐकलं. सत्तावीस वर्षं जसं ऐकत आले तसं. मग ते चार पावलं खाली गेले, रस्त्यावरच काठी टेकवली, पुन्हा ऐकलं. आणखी चार पावलं. असं करत करत बालवाडीच्या फाटकापाशी पोचले. तिथून परत आले. ते रस्त्यातच खाली बसले.

“मोठी गळती,” ते म्हणाले. “फार दिवसांची. खाली माती राहिलेली नाही.”

“कुठपर्यंत?”

“फाटकापर्यंत. फाटकाच्या आत थोडी.”

सकाळी साडेनऊला त्या फाटकाशी चाळीस-पन्नास पोरं रांग लावून उभी असत. हे त्या तिघांनाही माहीत होतं.

“तुम्हाला आज कळलं?” पाळकांनी विचारलं.

काका म्हणाले, “कानाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कळू दिलं नाही. नोंदवहीत लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी खोदायला आले असते. दुरुस्ती झाली की आवाज बंद. एकोणपन्नास दिवस मी लिहिलं, काही नाही.” आणि मग ते रडले. ताईच्या दफनाच्या वेळी न रडलेले काका भर रस्त्यात, तोंड न झाकता रडले.

पाळकांनी त्यांना रडू दिलं. मग विचारलं, “प्रार्थना मी करू, की तुम्ही करता?”

काका म्हणाले, “मला शब्द येत नाहीत आता.”

“येतील तेवढे पुरतील.”

झाकण उघडंच होतं. काकांनी डोळे मिटले. ती प्रार्थना मला काकूंनी सांगितली, कारण ती चार-पाच वाक्यांचीच होती. ‘हे प्रभू, मी खोटं लिहिलं. माझ्या एका पोरीसाठी मी पन्नास पोरं त्या भोकावर उभी केली. मला क्षमा कर. ती तुझ्याकडे आहे, इथे खाली नाही, हे मला कळू दे.’ तिसऱ्या वाक्याला खालून टकटक सुरू झाली. दोनदा. पुन्हा दोनदा. मग भराभर, अधीर झाल्यासारखी, दारावर मुठी मारल्यासारखी. या वेळी पाळकांनाही ऐकू आली. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी काकांच्या मागून प्रभूची प्रार्थना सुरू केली, वर्गात नकाशा शिकवावा तशा संथ आवाजात, एकही शब्द न गाळता. काकूंनी काकांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला होता. काका म्हणतात, त्या हाताला खूप ओढ लागली होती. आमेन म्हणून होईपर्यंत टकटक चालली होती. मग थांबली.

त्यांनी झाकण लावलं आणि तिथूनच काका कार्यालयात गेले. मुकादम घरी निघायच्या बेतात होता. काकांनी नोंदवही मागून घेतली, उताराच्या गल्लीपुढे खरं ते लिहिलं आणि मागच्या एकोणपन्नास ओळींवर एकेक करून काट मारली. मुकादमाने ते बघितलं. वीस वर्षांचा दोस्त तो. टोपी घालून थेट मोठ्या साहेबांकडे गेला. संध्याकाळच्या आत गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर लागले. बालवाडीच्या बाई कुरकुरल्या, अचानक सुट्टी कशी द्यायची म्हणून. मुकादमाने फाटकाला स्वतःचं कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली.

मंगळवारी सकाळी, पावणेदहा वाजता, फाटकासमोरचा रस्ता खाली गेला. मोठा धमाका वगैरे झाला नाही. पलीकडच्या घरातली म्हातारी म्हणाली, कोणीतरी लांब सुस्कारा टाकला आणि बघते तो रस्ता नव्हता. दोन पुरुष खोल खड्डा, फाटकाचा एक खांब आत. दोराच्या आत कोणीच नव्हतं.

वरच्या बाजूने पाणी बंद केलं, पाइप पूर्ण रिकामा केला. दुपारी खोदकाम सुरू होण्याआधी मुकादमाने काकांना बोलावलं. राग होताच, पण दुसरा कान कुठून आणणार? “कुठे पाणी उरलंय का बघा. माझी माणसं आत उतरणार आहेत,” तो म्हणाला. काका खड्ड्याच्या कडेला गेले आणि उघड्या पडलेल्या पाइपवर त्यांनी काठी टेकवली.

पाइपात थेंबभर पाणी नव्हतं. आणि आत कोणीतरी गुणगुणत होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ. अगदी जवळ, वाटीच्या आतून आल्यासारखं.

हे त्यांनी काकूंना सांगितलं, पुढे कित्येक वर्षांनी मला सांगितलं, आणखी कोणालाही नाही. मी विचारलं, “मग काय केलंत?”

“कान काढला,” काका म्हणाले.

“भीती वाटली?”

“भीती होती. पण भीतीने नाही काढला. ते ऐकत राहिलो असतो तर चाललंही असतं मला, इतकं गोड होतं. पण आदल्या दिवशी मी पोरगी कोणाच्या तरी हातात दिली होती. दिलेली वस्तू अशी दर घडीला परत मागत नाहीत.”

मुकादमाने विचारलं, “काही आहे?” काका म्हणाले, “पाइप कोरडा आहे. पण माणसांना दोर बांधून उतरवा, आणि एकट्याला कोणाला ठेवू नका.” तीन दिवसांत नवा पाइप पडला, दगडमाती भरली, वरून डांबर. त्यानंतर त्या गल्लीत दुसरा माणूस ऐकायला जायचा. त्याने कधी काही सांगितलं नाही, आणि काकांनी कधी विचारलं नाही.

मोठ्या साहेबांसमोर काकांनी काही लपवलं नाही. चूक म्हणाले नाहीत, अनवधानाने म्हणाले नाहीत. मुद्दाम खोटं लिहिलं, असंच म्हणाले. कारण विचारल्यावर एवढंच सांगितलं की माझी मुलगी गेली होती. साहेबांनी त्यांची काठी काढून घेतली आणि उरलेली चार वर्षं त्यांना सामानाच्या गोदामात बसवलं. नळाच्या चकत्या आणि वायसर मोजायला. लोक कुजबुजत. एक-दोन पोरांच्या आयांनी रस्त्यात तोंड फिरवलं. काका म्हणायचे, “बरोबर आहे त्यांचं.”

रस्ता खचला त्याच आठवड्याच्या रविवारी ते काकूंबरोबर चर्चमध्ये गेले. मी मागच्या बाकावर होते. काका टोकाला बसले, पाहुण्यासारखे, निघता येईल अशा जागी. शेजारी आमच्या गल्लीतला न्हावी. उपासनेच्या शेवटी तेच गीत आलं, ते टळणार नव्हतंच. काकांनी पुस्तक उघडलं, पण त्यांना ओळ सापडेना. न्हाव्याने आपलं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं आणि बोट ओळीखाली धरलं. मंडळी उभी राहिली. पेटीने सूर धरला, आणि पहिला शब्द उच्चारण्याआधी साठ-सत्तर माणसांनी एकदम श्वास घेतला. म्हाताऱ्यांचा धापेचा, मुलांचा, कोणाचा चोंदलेल्या नाकाचा. काकांनी मान वर केली. मी बघत होते. दर ओळीच्या आधी तो श्वास येत होता आणि दर ओळीला काका थोडे थोडे सैल होत होते. तिसऱ्या ओळीला अर्ध्याहून जास्त लोकांचे गळे फाटले. काका गायले नाहीत. ते नुसते सगळ्यांबरोबर श्वास घेत उभे राहिले. न्हाव्याचं बोट शेवटपर्यंत सरकत राहिलं.

दुःख गेलं असं काका कधी म्हणाले नाहीत. वर्षानुवर्षं, शनिवार आला की दुपारपासून त्यांना अन्न जात नसे. पण त्या दिवशी ते काकूंना सांगून पाळकांकडे जाऊन बसत. पाळक बागेतलं काहीतरी करत असत, काका पाटाची माती काढून देत. प्रार्थना करत, कधी करतही नसत. पाळक वारले तेव्हा त्यांच्या घरी सगळ्यात आधी काका पोचले, आणि त्यांच्या बायकोसमोर संध्याकाळपर्यंत एक शब्द न बोलता बसले.

ताईच्या खोलीची कडी काकूंनी काढली. नर्सिंगच्या शाळेतल्या दोन मुलींना राहायला जागा हवी होती, त्यांना ती खोली दिली. एक फटकळ, एक मुखदुर्बळ. दोघी मिळून घरभर ओले टॉवेल टाकत आणि चपला जिन्यात सोडत. काका तक्रार करत आणि काकूंना म्हणत, “त्यांना ओरडू नकोस.” जेवताना प्रार्थना आता काका करायचे. आणि एवढी वर्षं तुंबलेलं असल्यासारखी लांबवायचे. आजारी शेजारी, नवे पाइप टाकणारी माणसं, बालवाडीतली पोरं, सगळी एकेक करून त्यात यायची. एकदा मीही जेवायला होते. प्रार्थना गोदामातल्या कारकुनाच्या सासूपर्यंत पोचली, तेव्हा ती फटकळ मुलगी डोळे मिटूनच हळूच म्हणाली, “काका, देवाला माहितीयेत सगळे. रस्सा गार होतोय.”

काका म्हणाले, “आमेन,” आणि भांडं तिच्याकडे सरकवलं.